कोणाची कोण? : दुर्गाबाई खोटे यांची पन्नास वर्षं

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लिखित रूप)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या शिक्षिका होत्या. घराचा भार अंगावर पडला आणि त्या नोकरीला लागल्या, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्यांच्या पिढीत कमवायला बाहेर पडलेल्या बाईला पहिला प्रश्न एकच विचारला जाई : "तुम्ही कोणाच्या कोण?" म्हणजे कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची बायको. त्याचं उत्तर मिळाल्यावर मग तिचं नाव, आणि तिला काय येतं हा प्रश्न अगदी शेवटी. आज मी ज्या अभिनेत्रीबद्दल बोलणार आहे, तिच्या सगळ्या आयुष्याकडे मी या एका प्रश्नाच्या खिडकीतून पाहते. त्या म्हणजे दुर्गाबाई खोटे.

माझ्या वयाच्या पुष्कळांची दुर्गाबाईंशी ओळख उलट्या क्रमाने झाली. आम्ही त्यांना आधी म्हातारी पाहिलं. 'बावर्ची'मधल्या एकत्र कुटुंबातली थोरली, 'अभिमान'मधली मावशी, 'बॉबी'मधली मिसेस ब्रॅगान्झा. पडद्यावर त्या आल्या की प्रेक्षक जरा निवांत होत. घरातलं वडीलधारं माणूस आलं, आता कोणी फार वेडंवाकडं बोलणार नाही, असं वाटे. त्यामुळे ही बाई अशीच पिकल्या केसांची जन्माला आली असावी, अशी माझी बालपणीची समजूत होती. पुढे पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात 'अयोध्येचा राजा' पाहिला. पडद्यावर तारामती आली. उंच, ताठ, रेखीव नाकाची, मान किंचित वर ठेवून चालणारी. ओळख पटायला क्षणभर वेळ लागला. मग लक्षात आलं, की 'बॉबी'तल्या आजीची मान अशीच होती. चाळीस वर्षांत केस पिकले होते, मान खाली गेली नव्हती.

त्या मानेचं श्रेय आपण सहसा त्यांच्या घराण्याला देतो. दुर्गाबाईंवर लिहिलेला कुठलाही लेख उघडा, पहिल्या परिच्छेदात एक वाक्य हमखास सापडतं : घरंदाज कुटुंबातली सुशिक्षित स्त्री सिनेमात आली आणि या क्षेत्राला प्रतिष्ठा मिळाली. हे वाक्य खोटं नाही. त्यांच्या येण्याने अनेक दारं उघडली, हे खरंच आहे. पण या वाक्याचा मान कोणाला मिळतो, ते नीट पाहा. मान घराण्याला मिळतो. बाई जणू माहेरासासरची अब्रू पदराखाली घेऊन आल्या, ती स्टुडिओत शिंपडली आणि स्टुडिओ पवित्र झाला! माझं म्हणणं वेगळं आहे. दुर्गाबाईंनी या धंद्याला जे दिलं, ते घराण्याचं नव्हतं. ते त्यांच्या कामाचं होतं. पन्नास वर्षं नेमाने, वेळेवर, मन लावून केलेल्या कामाचं. आणि त्या कामाची सुरुवात प्रतिष्ठेच्या हौसेतून झालेली नाही. ती गरजेतून झाली.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव लाड, कुटुंब मूळचं गोव्याकडचं. वडील पांडुरंग शामराव लाड हे नावाजलेले सॉलिसिटर. गिरगावातल्या कांदेवाडीत माणसांनी भरलेलं मोठं घर. मुलीला कॅथीड्रल हायस्कूलमध्ये घातलं, पुढे ती सेंट झेवियर्स कॉलेजात गेली. त्या काळच्या मराठी घरात मुलीच्या शिक्षणावर एवढं लक्ष देणारे वडील विरळाच. पण कॉलेजात असतानाच लग्न ठरलं आणि झालंही. सासर खोट्यांचं, तेही सधन. पती विश्वनाथ खोटे इंजिनिअर. बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे झाले. इथवर सगळं एखाद्या सुखी कथेसारखं.

मग सासरचं वैभव ओसरलं. शेअरबाजारातल्या नुकसानीने ते घर खाली आलं. ज्यांनी असं घर जवळून पाहिलं असेल त्यांना माहीत आहे, की पैसा जातो तेव्हा नुसता पैसा जात नाही. नोकर जातात, मग दागिने जातात, मग पाहुणे येईनासे होतात. शेवटी उरतो तो मोठेपणाचा सवयीचा सांगाडा, आणि तो सांभाळायला पूर्वीपेक्षा जास्त खर्च येतो. दुर्गाबाई तेव्हा ऐन पंचविशीतल्या. पदरात दोन लहान मुलं. हाताशी काय? चांगलं इंग्रजी, चांगलं मराठी, थोडं गाणं आणि शिकवण्या घेण्याइतकी विद्या. त्यांनी शिकवण्या घेतल्या. तेवढ्यावर घर भागेना. अशा वेळी सिनेमाचं विचारणं आलं आणि त्यांनी होकार दिला.

हा होकार किती अवघड होता, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा तारामतीचं काम करायला त्यांना एकही बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, एका उपाहारगृहात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या तरुणाला त्यांनी लुगडं नेसवलं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. पार्वती झालेल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झालेली त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. या पहिल्या दुर्गाबाईंचा संसार मोडलेला होता. मुलीला घेऊन त्या फिरत्या नाटक कंपनीत शिरल्या, कारण दोघींना जगायचं होतं. समाजाने त्यांना दूर लोटलं. कमलाबाईंनाही ऐन तरुणपणी वैधव्य आलं आणि तीन मुलांना वाढवत त्या रंगभूमीवर व पडद्यावर काम करत राहिल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्या परंपरेच्या मुळाशी पोटासाठी उंबरा ओलांडलेली एक आई आहे, हे सांगताना आपला आवाज जरा खाली येतो.

पुढच्या काळात फात्मा बेगम यांनी १९२६ मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' स्वतः दिग्दर्शित केला. त्यांची मुलगी जुबेदा 'आलम आरा'ची नायिका झाली. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू मुलगी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून सिनेमात आली आणि 'सुलोचना' या नावाने मूकपटांच्या काळातली सर्वांत मोठी तारका ठरली. या सगळ्या दुर्गाबाईंच्या आधीच्या. त्यांनी वाट मळली होती. त्यांच्या नावामागे घराण्याची पाटी नव्हती, म्हणून प्रतिष्ठेच्या कथेत त्यांना जागा मिळत नाही. दुर्गाबाई खोट्यांचा गौरव करताना या बायांना पुसून टाकणं हा त्यांच्यावर आणि दुर्गाबाईंवरही अन्याय आहे. दुर्गाबाई त्यांच्याहून वेगळ्या नव्हत्या. कामाला येण्याचं कारण तेच होतं : घर चालवायचं होतं.

दुर्गाबाईंचा पहिला चित्रपट 'फरेबी जाल', १९३१ चा, दिग्दर्शक मोहन भवनानी. काम छोटंसं. चित्रपट कसा आहे, आपल्या भूमिकेच्या आगेमागे काय आहे, याची त्यांना फारशी कल्पना नव्हती. पण जाहिरात झाली ती त्यांच्या नावाच्या आडून दोन घराण्यांची. प्रसिद्ध सॉलिसिटर लाड यांची मुलगी आणि खोट्यांच्या नामांकित घराण्यातली सून पडद्यावर, असा गाजावाजा झाला. 'कोणाची कोण' हा प्रश्न इथे तिकीट विकायला वापरला गेला. चित्रपट सुमार होता, विषय उथळ होता, आणि गिरगावात जो हलकल्लोळ झाला त्याची झळ माहेर-सासर दोघांना बसली. जिला घर सावरायचं होतं, तिच्यामुळेच घराची नाचक्की झाली, असं बोललं जाऊ लागलं. इथे तो अध्याय संपला असता, तर नवल वाटलं नसतं. कित्येकींचा तो असाच संपला.

पण कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम आपल्या पहिल्या बोलपटासाठी तारामती शोधत होते. प्रभात १९२९ साली शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी उभी केली होती. 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. १९३२ मध्ये तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. पोळलेल्या दुर्गाबाई पुन्हा उभ्या राहिल्या.

त्या काळी बोलपट करणं म्हणजे काय होतं, याची आज कल्पना करणं कठीण आहे. पार्श्वगायन आलं नव्हतं. गाणं कॅमेऱ्यासमोर, अभिनय करता करता, त्याच दमात गायचं. वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर कुठेतरी दडून बसलेले. ध्वनिग्राहक एका जागी, म्हणून नटाने मान किती वळवायची यालाही मर्यादा. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. आणि मराठीचं चित्रण झालं, की तोच प्रसंग हिंदीत पुन्हा. नाटकाचा मोठा आवाज इथे चालत नव्हता आणि मूकपटातले मोठे हावभावही चालत नव्हते. बोलक्या पडद्यावर मराठी बाईने कसं बोलायचं, कसं थांबायचं, हे कोणी आधी केलेलं नव्हतं. गिरवायला कित्ताच नव्हता. तो कित्ता दुर्गाबाईंनी घातला.

आता जरा ती गोष्ट आठवा. राज्य गेलं. राजाच्या वचनापायी घर धुळीला मिळालं. राणी काशीच्या बाजारात उभी राहिली, विकली गेली आणि परक्याच्या घरी दासी म्हणून राबू लागली. मूल पदराशी आहे आणि पुढे तेही हातचं जातं. हरिश्चंद्राचं आख्यान आपण कीर्तनात, नाटकात शतकानुशतकं ऐकलं. ते सत्याची कथा म्हणून ऐकलं, राजाची कथा म्हणून ऐकलं. पण वैभव गेलेल्या घरातून काम करायला बाहेर पडलेल्या बाईची कथा म्हणून ते ऐकायचं राहून गेलं होतं. १९३२ साली पडद्यावर अशी एक बाई उभी राहिली, जिला वेगळं काही सोंग आणावं लागलं नसेल. मोठ्या घरातून आलेली, घर कोसळताना पाहिलेली, लेकरांसाठी चार लोकांत उभी राहिलेली. अण्णा साळुंकेंच्या तारामतीनंतर एकोणीस वर्षांनी तारामतीला तिचं स्वतःचं माणूस मिळालं. संग्रहालयाच्या अंधारात तो चित्रपट पाहताना मला भिडलं ते हेच. विकली जाणारी राणी दीनवाणी दिसत नाही. ती काम पत्करताना दिसते.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' आला. स्त्रीराज्याची राणी, जवळ पाळलेला चित्ता. तारामतीच्या करुणेवर प्रेक्षक लोभावले असताना लगेच असं उग्र काम घेणं, यात एक हिशेब दिसतो. एका साच्यात स्वतःला ओतून घ्यायचं नाही, हा.

दुसरा हिशेब धंद्याचा होता. तेव्हाचे चित्रपट स्टुडिओंमध्ये बनत आणि नट-नटी पगारी नोकर असत, सुतार-रंगाऱ्यांसारखेच. एका कंपनीत गेलं की तिचंच होऊन राहायचं. दुर्गाबाईंनी ही चौकट फार लवकर मोडली. प्रभातशी नातं राखूनही त्या कलकत्त्याला गेल्या. देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्ससाठी १९३३ मध्ये 'राजरानी मीरा' केला, १९३४ मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी 'सीता' केला. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला सन्मानपत्र मिळालं. भारतीय बोलपटाचा परदेशातल्या महोत्सवात झालेला हा पहिला गौरव. पण माझ्या दृष्टीने तितकीच मोठी गोष्ट अशी, की मुंबईच्या एका मराठी बाईने आगगाडीने हजार कोसांवर जाऊन, परक्या भाषेच्या गावात राहून, आपल्या अटींवर काम केलं. आपलं कसब आपल्या मालकीचं आहे, ते कोणाला किती काळ द्यायचं हे आपण ठरवू, असा तो व्यवहार होता.

१९३६ चा 'अमरज्योती' हा प्रभातचा, पण आता कंपनी पुण्यात आली होती. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्याच आवारात तिचा स्टुडिओ होता. दुर्गाबाईंची सौदामिनी ही मराठी माणसाने घडवलेल्या सिनेमातली एक विलक्षण व्यक्तिरेखा आहे. सौदामिनीला तिच्या पोटच्या मुलाचा ताबा नाकारला जातो, कारण कायद्याने तो बापाचा. राज्यात न्याय मिळत नाही म्हणून ती समुद्र गाठते आणि चाच्यांची म्होरकी होते. समोर प्रधान दुर्जयाच्या भूमिकेत चंद्रमोहन, त्या प्रसिद्ध डोळ्यांसह. राजकन्येच्या भूमिकेत शांता आपटे. सौदामिनी गलबतावर उभी राहून पुरुषांना हुकूम देते, तेव्हा त्या आवाजात आक्रस्ताळेपणा नाही. घर चालवणाऱ्या बाईचा सवयीचा अधिकार आहे. आणि सूडाने पेटलेल्या त्या बाईच्या आत मुलासाठी तुटणारी आई सतत जागी आहे, हे दुर्गाबाई दोन संवादांच्या मधल्या शांततेत दाखवतात. हाही चित्रपट व्हेनिसला गेला.

१९३८ मध्ये त्या निर्मितीत उतरल्या. 'सवंगडी' आणि त्याचं हिंदी रूप 'साथी', दिग्दर्शक पार्श्वनाथ आळतेकर. जिच्या नावावर तीन-चार वर्षं तिकीटविक्री होते त्या नायिकेने निवांत पैसे मोजत बसावं, असा तो काळ. भांडवल उभं करणं, लोकांचे पगार वेळेवर देणं, वितरकांशी बोलणं या गोष्टी बाईमाणसाच्या समजल्या जात नव्हत्या. त्यांनी त्या केल्या.

मग १९४१ ते १९४३ ही तीन वर्षं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत धाडसी. १९४१ मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्या वनमालाबाईंच्या सासू झाल्या, तीही छळणारी. वय तेव्हा फक्त छत्तीस. नायिकेला सासू व्हायला लावणं म्हणजे तिला निरोप देणं, असं आजही मानतात. दुर्गाबाईंनी त्याला बढती मानलं. पुढच्या वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत-भेट'मध्ये त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांनी सीता केली होती, त्यांनी! आपल्याकडे मुलीचं नाव कैकेयी ठेवत नाहीत. पण दुर्गाबाईंची कैकेयी नुसती दुष्ट नव्हती. मुलाच्या हक्कासाठी आंधळी झालेली आई होती, आणि त्याच मुलाने नाकारल्यावर कोसळणारी आई होती. या दोन चित्रपटांच्या हिंदी रूपांतल्या, म्हणजे 'चरणों की दासी' आणि 'भरत मिलाप'मधल्या, भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना पुरस्कार दिला. १९४३ मध्ये सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये त्या मृणालवती झाल्या. कठोर, व्रतस्थ राजकन्या आणि तिचं वितळत जाणारं मन. तारामती, सीता, सौदामिनी, सासू, कैकेयी, मृणालवती : बारा वर्षांत इतक्या वेगवेगळ्या बाया एका देहातून उभ्या करणं हे घराण्याच्या पुण्याईने होत नाही. त्याला मेहनत लागते.

ही मेहनत त्यांनी रंगमंचावरही केली. सिनेमात नाव झाल्यावर नाटकात येणं, म्हणजे मोठ्या मोबदल्याकडून लहान मोबदल्याकडे आणि पुन्हा पुन्हा तपासता येणाऱ्या चित्रणाकडून एकाच संधीच्या खेळाकडे येणं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी नानासाहेब फाटकांसारख्या नटासमोर उभं राहून काम केलं. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई आणि शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मधली राणी. दोन्ही बायका सत्तेच्या लोभाने पुरुषाला पुढे ढकलणाऱ्या. कैकेयी धरली तर तिसरी. भारतीय जननाट्य संघाच्या चळवळीशीही त्यांचा संबंध होता. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला.

आणि मग १९६० साली 'मुघल-ए-आझम'. जोधाबाई. आपण त्या चित्रपटातलं मधुबालाचं सौंदर्य, दिलीपकुमारांची धग आणि पृथ्वीराज कपूर यांचा आवाज आठवतो. पण सगळ्या संघर्षाचं ओझं ज्या खांबावर येतं तो खांब दुर्गाबाईंचा आहे. एका बाजूला बादशहा नवरा, दुसऱ्या बाजूला बंडखोर मुलगा. नवरा लढाईला निघतो आणि जी तलवार त्याच्या हाती द्यायची, ती आपल्या मुलावर उगारली जाणार आहे. त्या क्षणी दुर्गाबाई रडण्याचा गाजावाजा करत नाहीत. चेहरा जवळजवळ स्थिर. फक्त श्वास बदलतो. बोलपटाच्या पहिल्या वर्षापासून ज्या बाईने थांबणं शिकून घेतलं होतं, तिलाच हे जमावं.

याच पृथ्वीराजांबरोबर १९३४ मध्ये त्या राम-सीता झाल्या होत्या. सव्वीस वर्षांनी अकबर-जोधा झाल्या. १९३५ च्या 'इन्किलाब'मध्ये त्या नायिका होत्या आणि पृथ्वीराजांचा लहानगा राज त्यात पहिल्यांदा पडद्यावर आला. त्याच राज कपूरने १९७३ मध्ये आपल्या मुलाला, ऋषीला, नायक केलं, तेव्हा त्याला सांभाळणारी गोव्याची बाई म्हणून दुर्गाबाईंना बोलावलं. ज्या कुटुंबाची मुळं गोव्यात, त्या कुटुंबातली मुलगी मिसेस ब्रॅगान्झा झाली. एका घराच्या तीन पिढ्या समोरून गेल्या आणि ही बाई कामावर हजर होती. दुसऱ्या वर्षीच्या, १९७४ च्या, एल. व्ही. प्रसाद यांच्या 'बिदाई'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. १९८० च्या 'कर्ज'मध्येही त्या आहेतच.

अभिनयाच्या जोडीला पडद्यामागे आणखी एक उद्योग चालला होता, ज्याची चर्चा फार कमी होते. दुर्गाबाईंनी माहितीपट, लघुपट आणि जाहिरातपट बनवणारी स्वतःची संस्था काढली. मुंबईत जाहिरातीचा व्यवसाय आकार घेत होता तेव्हा या बाई त्यात निर्मात्या होत्या. मोठ्या पडद्याची राणी साबण-तेलाच्या जाहिराती बनवते, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. काम हे काम. 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' ही अक्षरं पुढे दूरदर्शनवर आली, १९८८ मध्ये, 'वागले की दुनिया'च्या श्रेयनामावलीत. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाची ती मालिका, दिग्दर्शक कुंदन शहा. पगारात घर भागवणाऱ्या, बसच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट या संस्थेतून यावी, हे मला फार योग्य वाटतं. पगारात घर भागवणं म्हणजे काय, हे त्या नावाच्या बाईला पक्कं माहीत होतं.

वैयक्तिक आयुष्याने त्यांना सवलत दिली नाही. धाकटे चिरंजीव हरिन अकाली गेले. आपल्या रंगभूमीच्या थोर दिग्दर्शिका विजयाबाई मेहता या त्यांच्या पत्नी, म्हणजे दुर्गाबाईंच्या सूनबाई. त्या घरात दोन पिढ्यांतल्या दोन कर्त्या बायका एकमेकींच्या सासू-सुना होत्या. 'पायाची दासी'तली सासू पडद्यावरच राहिली.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार. हा पुरस्कार त्यांच्याआधी तीनच अभिनेत्रींना मिळाला होता : देविका राणी, सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, आणि कानन देवी. ही ओळ मला महत्त्वाची वाटते. तिथे टेलिफोन ऑपरेटर होती, गरिबीतून आलेली गायिका होती आणि सॉलिसिटरची मुलगीही होती. तिथे कोणी कोणाची कोण असं विचारलं नाही. आणि ज्यांच्या नावाचा तो पुरस्कार, त्यांना एके काळी तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती!

आता शेवटाकडे येते. १९८२ मध्ये दुर्गाबाईंचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. नाव अगदी साधं : 'मी दुर्गा खोटे'. मराठीत नटनट्यांच्या आत्मकथांना काव्यमय नावं देण्याची मोठी रीत आहे. इथे अलंकार नाही. हजेरी घेताना नाव पुकारलं आणि कोणी उभं राहून ओ दिली, असं हे नाव आहे. मला ते १९३१ च्या त्या जाहिरातीशेजारी ठेवून पाहावंसं वाटतं. तिथे एक बाई अमक्यांची मुलगी आणि तमक्यांची सून होती. तिचं स्वतःचं असं काही विकण्याजोगं आहे, हे जाहिरात करणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. एक्कावन्न वर्षांनी ती 'मी' म्हणते आणि पुढे फक्त नाव सांगते. तेही आडनाव सासरचंच, हे खरं. पण एव्हाना ते उसनं राहिलं नव्हतं. ज्या आडनावाच्या जोरावर तिला एकदा पडद्यावर मिरवलं गेलं, ते आडनाव तिने कष्टाने स्वतःचं करून घेतलं होतं. पुढे शुभा खोटे आणि विजू खोटे सिनेमात आले तेव्हा लोक विचारू लागले, "हे दुर्गाबाईंचे कोण?" प्रश्न तोच राहिला. फक्त आता तो एका बाईच्या नावाने विचारला जात होता.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या.

'घरंदाज' हा शब्द आपण त्यांना बहाल केला. मला त्या शब्दाचं वैर नाही. त्यात घर आहे, आणि घरावर त्यांची माया होती. पण घरामुळे त्या मोठ्या झाल्या, असं यापुढे कोणी म्हणालं, तर त्याला एवढंच सांगावं : ते घर कोसळलं होतं. ते त्यांनी उभं केलं. पहिल्या दुर्गाबाईंनी, कमलाबाईंनी जे केलं तेच त्यांनी केलं, आणि या व्याख्यानमालेला जिचं नाव आहे त्या शाळामास्तरीणबाईंनीही तेच केलं. आज या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणी उद्या सकाळी डबा भरून गाडी पकडतील, त्याही तेच करणार आहेत. त्यांना कोणी कोणाच्या कोण, असं विचारलं, तर आधी आपलं नाव सांगावं आणि मग आपलं काम सांगावं. दुर्गाबाईंना याहून मोठी आदरांजली मला सुचत नाही.